नव्व्याण्णव नायक आणि एक सुरुंग

‘एक्स-मेन ’९७’चा पाचवा भाग पाहिल्यापासून गेल्या काही वर्षांतलं बहुतेक सुपरहिरो-ॲनिमेशन मला बेचव लागतंय. जेनोशा बेटावर हल्ला होतो, गॅम्बिट जीव देतो आणि त्याच्यावर प्रेम करणारी रोग त्याला कुशीत घेते. रोगच्या उघड्या हाताचा स्पर्श झाला की समोरच्याची शक्ती ओढली जाते, हे आपल्याला जुन्या मालिकेपासून ठाऊक आहे. आता तिच्या हाताला काहीच लागत नाही. तिची शक्तीच तिला सांगते की तो गेला. लेखन म्हणतात ते हे.

आणि दुसरीकडे ‘व्हॉट इफ’ आणि एकूणच मल्टिव्हर्सचा सुकाळ. इथला मेला तर शेजारच्या विश्वातून तसाच दुसरा आणता येतो; मग पहिल्यासाठी कुणी का रडावं? ‘इन्व्हिन्सिबल’मधल्या रक्ताच्या सड्याला लोक प्रौढपणा म्हणतात, मी म्हणत नाही.

माझ्या लेखी या कलेचं माप १९९२ सालीच ठरलं. पॉल डिनीने लिहिलेला, ब्रूस टिमने दिग्दर्शित केलेला बॅटमॅनच्या ॲनिमेशन मालिकेतला भाग ‘हार्ट ऑफ आइस’. मिस्टर फ्रीझ तोवर बर्फाची बंदूक मिरवणारा फुटकळ खलनायक होता. डिनीने त्याला आजारी बायको दिली, तिला गोठवून वाचवण्याचा प्रयोग दिला आणि तो प्रयोग मधेच बंद पाडणारा मालक दिला. शेवटी कोठडीत फ्रीझच्या हातात काचेच्या गोळ्यातली नर्तिका उरते. जेमतेम बावीस मिनिटांत खलनायकाला भूतकाळ मिळाला आणि पुढे मूळ कॉमिक्सनेही तोच स्वीकारला. पडद्यावरच्या लेखकाने छापील परंपरेला दुरुस्त केलं, ही साधी गोष्ट नव्हे.

पात्राला भूतकाळ लागतो, हे आपल्याकडे आबिद सुरतींना १९७६ मध्येच कळलं होतं. इंद्रजाल कॉमिक्सचा बहादूर हा डाकूचा मुलगा. ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीने बाप गेला, त्याच्याच घरी तो वाढतो. इंद्रजालमधल्याच वेताळाची गुहा मलाही प्रिय आहे, पण बहादूरच्या घरात जो ताण आहे तो तिथे नाही.

मी राहतो कुवेतमधल्या फिंतासला, म्हणून ‘द नाइन्टी नाइन’बद्दल बोलणं भागच आहे. नायफ अल-मुतावा यांनी २००६ मध्ये कुवेतमधून ही कॉमिक्समालिका काढली. मंगोलांनी १२५८ मध्ये बगदाद लुटलं तेव्हा तिथल्या ग्रंथालयाचं ज्ञान नव्व्याण्णव रत्नांत साठवलं गेलं, ही तिची कल्पना. इतकी देखणी कल्पना गेल्या वीस वर्षांत मार्व्हललाही सुचलेली नाही. पुढे ॲनिमेशन झालं, २०१० मध्ये जस्टिस लीगबरोबर संयुक्त मालिकाही निघाली. मग २०१४ मध्ये सौदी मुफ्तींनी फतवा काढला, आणि तेव्हापासून या मालिकेची चर्चा फक्त धर्माच्या अंगाने होते. विरोधकांना ती पाखंड वाटली, पाठीराख्यांना सहिष्णुतेचा जाहीरनामा वाटली. पटकथा कुणीच वाचली नाही.

वाचा. सौदी मुलगा नवाफ भूसुरुंगावर पाय देतो, रत्नाचे तुकडे त्याच्या अंगात घुसतात आणि तो अचाट ताकदीचा जब्बार होतो. भूसुरुंग! १९९०-९१ मध्ये कुवेत व्यापलेल्या इराकी सैन्याने इथलं वाळवंट आणि किनारा सुरुंगांनी पेरून ठेवला होता. १९९० मध्ये इथली मराठी कुटुंबं हातातली बॅग तेवढी घेऊन अम्मानमार्गे मुंबईला पोहोचली, आणि पुढच्या वर्षी मागे अहमदीकडच्या तेलविहिरी जळत राहिल्या. कुवेतमध्ये जन्मलेल्या कॉमिकच्या हाती हा सुरुंग लागला होता आणि त्याने त्याचा उपयोग केवळ दंड फुगवण्यापुरता केला. तो कुणी पुरला, नवाफच्या आईने पुढे काय सोसलं, स्वतःच्या हाताने काही मोडेल या धास्तीने तो झोपतो कसा, यावर खरं तर भागच्या भाग लिहायला हवे होते. त्याऐवजी प्रत्येक नायक एकेका सद्गुणाची पाटी गळ्यात घालून उभा राहतो.

दोष अल-मुतावांच्या हेतूचा नाही. मालिका लिहिणारे फॅबियन निसिएझा, स्टुअर्ट मूर हे मुरलेले अमेरिकन लेखक होते. त्यांनी संघ कसा बांधायचा ते चोख केलं. पण या वाळूत काय पुरलंय हे त्यांना कुठून ठाऊक असणार? पैसा चित्रांवर, रंगांवर, प्रसारणावर गेला. इथे राहून लिहिणारा माणूस शोधण्यावर तेवढा गेलेला दिसत नाही. फतव्याने मालिकेला धक्का दिला हे खरं, पण फतव्यानंतरही वाचकांनी जिवापाड जपावा असा एकही नायक तिने उभा केला नव्हता. जब्बार अजून उभा करता येईल. अरबीत लिहिणारा, १९९० पाहिलेला किंवा घरात ऐकलेला लेखक घ्या, त्याला सुरुंगापासून सुरुवात करू द्या आणि मुखपृष्ठावर त्याचं नाव चित्रकाराच्या नावाइतक्याच ठसठशीत अक्षरांत छापा.