अनुकूलन कोणाचे? : गुट्टमन यांच्या क्रीडाविचाराचे परीक्षण

अपंगांच्या क्रीडाचळवळीचा इतिहास २९ जुलै १९४८ ह्या दिवसापासून आरंभण्याची प्रथा पडून गेली आहे. त्या दिवशी लंडनमध्ये ऑलिंपिक सामन्यांचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयाच्या हिरवळीवर, युद्धात जायबंदी झालेल्या सोळा स्त्रीपुरुषांनी चाकाच्या खुर्चीत बसून धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. ह्या दोन घटना शेजारी मांडण्यात नाट्य आहे खरे. पण त्या नाट्यामुळे आधीची चार वर्षे झाकली जातात, आणि डॉ. लुडविग गुट्टमन यांच्या विचाराचे मर्म तर त्या चार वर्षांतच आहे.

१९४४ साली गुट्टमन यांच्याकडे पृष्ठरज्जूच्या रुग्णांचा विभाग आला तेव्हा असा रुग्ण फार काळ जगत नाही, हाच वैद्यकाचा सर्वसाधारण समज होता. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग ही मृत्यूची नेहमीची कारणे. गुट्टमन यांनी रुग्णांना रात्रंदिवस दर दोन तासांनी कुशीवर वळविण्याची शिस्त घातली. मग त्यांना बसते केले, हातांना काम दिले आणि शेवटी खेळ दिला. म्हणजे खेळ हा ह्या क्रमातील पुढचा उपचार होता. धनुष्य ओढताना खांदे, बाहू आणि पाठ ह्यांना जे श्रम पडतात, तेच खुर्चीत तोल सांभाळण्यासाठी हवे असतात. शिवाय बसलेला धनुर्धर उभ्या धनुर्धराशी बरोबरीने स्पर्धा करू शकतो. निवड मोठी मार्मिक होती, ह्यात शंका नाही.

तथापि येथेच दोन भिन्न कल्पनांची सरमिसळ झालेली दिसते. खेळाने शरीर घडवावे व ते जगाच्या उपयोगी करावे, ही पहिली. शरीर आहे तसे मान्य करून खेळच बदलावा, ही दुसरी. गुट्टमन यांनी पुरस्कार केला तो पहिलीचा. आचरण मात्र अनेकदा दुसरीचे केले. स्टोक मँडेव्हिल येथे प्रथम खुर्चीवरील पोलो खेळला गेला. तो धसमुसळा ठरल्याने बाजूस सारून नेटबॉल व पुढे बास्केटबॉल आणला गेला. ह्यात बदलला तो खेळ, रुग्ण नव्हे. परंतु ह्या कृतीला त्यांच्या उपपत्तीत स्वतंत्र स्थान मिळाले नाही. परिणामी खेळाडू दीर्घकाळ रुग्णच राहिला. त्याचा वर्ग पृष्ठरज्जूची इजा कोणत्या पातळीवर आहे ह्यावरून वैद्याने ठरवावयाचा. आणि पॅरालिंपिक स्पर्धांची दारे अवयव गमावलेल्यांना व अंधांना उघडली ती १९७६ मध्ये, टोरांटो येथे.

दुसरी कल्पना अन्यत्र अधिक स्वच्छपणे वाढली. बैठ्या व्हॉलीबॉलमध्ये पुरुषांसाठी जाळ्याची उंची १.१५ मीटर असते, आणि चेंडू मारताना धडाचा भाग जमिनीला टेकलेला असावा लागतो. अंधांच्या गोलबॉलमध्ये चेंडूत घुंगरे असतात. त्यांचा नाद ऐकू यावा म्हणून खेळ चालू असताना प्रेक्षकांनी मौन पाळावयाचे असते. येथे अनुकूलन प्रेक्षकांचेही झाले! अनुकूलित शारीरिक क्रिया ह्या विषयाचे सार ह्या एका नियमात जितके सापडते तितके पुष्कळ व्याख्यांत सापडत नाही.

मराठी वाचकाला ह्या संदर्भात मुरलीकांत पेटकर यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. सांगली जिल्ह्यातील ह्या जवानाला १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या. मुष्टियोद्धा म्हणून घडत असलेले शरीर अधू झाले. आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर मुक्तशैली पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळविले. त्यांच्या जीवनावर २०२४ मध्ये निघालेला ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट यशाचे सारे श्रेय जिद्दीला देतो. जिद्द होतीच, तिचा अव्हेर कोण करील? परंतु पाण्यात शरीराचा भार हलका होतो, मुक्तशैलीत गतीचा मोठा वाटा बाहूंचा असतो, आणि खेळाडूंची वर्गवारी केलेली असल्याने लढत तुल्यबळांत होते. ह्या तीन गोष्टी नसत्या तर त्या जिद्दीला वाव कोठे मिळाला असता? पराक्रमकथेला अशा प्रश्नांत रस नसतो. तिचा दुष्परिणाम असा की, जो पाण्यात उतरू शकला नाही त्याच्या पदरी जिद्द कमी पडल्याचा ठपका येतो.

वृद्धांच्या बाबतीत तर ही कथा निरुपयोगीच ठरते. न्यूझीलंडमधील ओटागो येथे गेल्या शतकाच्या अखेरीस तयार झालेला व्यायामक्रम पाहावा. घोट्याला वजन बांधून पाय उचलणे, आधार धरून व पुढे आधाराविना तोल सांभाळणे, उलट पावली चालणे, आणि जोडीला नियमित फिरणे. सारे घरच्या घरी. त्यामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने घटल्याचे आढळले. येथे पदक नाही, प्रतिस्पर्धी नाही. गुट्टमन यांचा स्पर्धेवरील भर येथे लागू पडत नाही. पण व्यायामाची मात्रा ठरवून ती हळूहळू वाढविण्याची त्यांची उपचारदृष्टी मात्र पुरेपूर उपयोगी पडते. तेव्हा त्यांची पहिली कल्पना सर्वस्वी टाकाऊ मानणे अन्यायाचे होईल. दोष उपचाराचा नसून उपचारालाच खेळाचे एकमेव समर्थन मानण्याचा आहे.

भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ३० ने क्रीडाविषयक अभ्यासक्रमांची व सुविधांची फेररचना करण्यास सांगितले आहे. म्हणजे कायद्याने दुसरी कल्पना पत्करली. शारीरिक शिक्षणाच्या तासाला अपंग विद्यार्थ्याला ‘सूट’ देऊन कडेला बसविण्याचा परिपाठ मात्र पहिल्या कल्पनेचाच अवशेष होय. शरीर खेळायोग्य नाही, सबब खेळ नाही, एवढेच त्या सुटीचे तर्कशास्त्र असते. आणि गुट्टमन यांनी तर त्या शरीरासाठीच खेळ सांगितला होता.