‘स्मृतिचित्रे’ वाचताना : सोसणं म्हणजेच श्रद्धा का?

ख्रिस्ती जीवनात दुःखाची परीक्षा श्रद्धेनं आणि प्रीतीनं सोसावी, हे आपण पुष्कळदा ऐकतो. लक्ष्मीबाई टिळकांकडेही आपण त्याच नजरेनं बघतो : सोशिक पत्नी, निष्ठावान बाई. पण ‘स्मृतिचित्रे’ नीट वाचलं, तर लक्ष्मीबाई या चौकटीत मावत नाहीत, असं आमचं म्हणणं आहे.

आधी घटना पाहू. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. कडक सोवळ्याच्या घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंच्या पदरात तेव्हा लहानगा दत्तू होता. त्यांच्यावर आभाळच कोसळलं. पुढे काही वर्षं ताटातूट झाली. मग त्या नवऱ्याकडे राहायला आल्या, त्याही ख्रिस्ती न होता, स्वयंपाकपाणी वेगळं ठेवून. आता हा क्रम बघा. प्रीती आधी आहे, श्रद्धा नंतर.

आणि ती श्रद्धा आली कशी? मुकाट सोसून नाही, तर प्रश्न विचारून. जाती देवानं केल्या की माणसानं? याचं उत्तर मनाशी पक्कं झालं, तेव्हा त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतरचा. नवऱ्याचा धर्म म्हणून त्यांनी तो धर्म घेतला नाही.

टिळकांचा संताप, विसरभोळेपणा, घरात नसतानाही दुसऱ्याला देऊन टाकायची वृत्ती, हे सारं लक्ष्मीबाई हसतहसत सांगतात. इथे आमची एक तक्रार आहे. काही ठिकाणी हे हसू फार लवकर येतं. बाईचा राग अजून थोडा वेळ पानावर राहायला हवा होता, असं वाटत राहतं. पण हसून सांगितलं म्हणून झालेलं गाळलेलं नाही, हेही खरं. नवऱ्याला त्या देव करत नाहीत. तरीही १९१९ साली टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुरं केलं. दोष दिसत असूनही टिकलेली प्रीती म्हणतात ती हीच.

पवित्र शास्त्रातही हे नवं नाही. ईयोब गप्प बसत नाही. स्तोत्रसंहितेत तर गाऱ्हाण्यांची स्तोत्रंच्या स्तोत्रं आहेत. देव ऐकतो यावर विश्वास आहे, म्हणूनच माणूस त्याच्यापुढे गाऱ्हाणं मांडतो.

याचा आजच्या वाचनाशी थेट संबंध आहे. आजार, मरण, दुष्काळ ही दुःखं येतात. पण काही दुःखं माणूस माणसाला देतो. ‘लक्ष्मीबाईंनीसुद्धा सोसलं, तूही सोस,’ असं एखाद्या गांजलेल्या बाईला सांगायला हे पुस्तक वापरलं, तर ते उलटं वाचलं असं होईल. लक्ष्मीबाईंनी सोसलं, हे अर्धंच झालं. त्यांनी ते नावानिशी, सगळ्यांसमोर सांगितलं. पुढच्या वेळी त्यांचा दाखला देताना हा दुसरा अर्धा भागही आपण सांगू या.