काठावरून दिसणारे यंत्र

दुर्गाबाई भागवतांनी थोरोचे ‘वॉल्डन’ मराठीत आणले ते ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने. तेव्हापासून आपल्या वाचकाच्या मनात थोरोची एक मूर्ती पक्की बसली आहे : तळे, झोपडी, एकांत आणि लांबून ऐकू येणारी आगगाडीची शिट्टी. या मूर्तीविषयी मलाही आदर आहे. परंतु त्या झोपडीच्या फळ्या कुठून आल्या, हा प्रश्न पूजेच्या भरात राहून जातो. त्या आल्या जेम्स कॉलिन्स नावाच्या आयरिश मजुराच्या खोपटातून. कॉलिन्स फिचबर्ग रेल्वेच्या कामावर होता. थोरोने ते खोपट ४ डॉलर २५ सेंटना घेतले, मोडले, फळ्या उन्हात वाळत घातल्या. त्याच दिवशी पहाटे कॉलिन्सचे कुटुंब सारा संसार एका गाठोड्यात बांधून रस्त्याने जाताना त्याला दिसले. थोरोने यातले काही लपवलेले नाही, अगदी हिशेबासकट लिहिले आहे. मात्र त्या कुटुंबाचे पुढे काय झाले, ते पुस्तक सांगत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिका कालव्यांनी, रुळांनी आणि गिरण्यांनी घडत होती. १८१७ ते १८२५ या आठ वर्षांत ३६३ मैलांचा इरी कालवा खणला गेला. रुंदी ४० फूट, खोली अवघी चार फूट. पण बफेलोहून न्यूयॉर्कला टनभर माल न्यायला जिथे शंभर डॉलर पडत, तिथे दहाच्या आसपास पडू लागले, आणि न्यूयॉर्क हे देशाचे पहिले बंदर झाले. मॅसॅच्युसेट्समध्ये मेरिमॅक नदीच्या धबधब्यावर लॉवेल हे गिरणगाव उभे राहिले. शेतकऱ्यांच्या मुली तिथे येऊन वसतिगृहांत राहात आणि दिवसाचे बारा-तेरा तास माग चालवीत. या घडामोडींचे साहित्य काय झाले, एवढाच आपला प्रश्न आहे.

लेखकांनी हे पाहिले नाही, असे म्हणता येणार नाही. हॉथॉर्नचे १८३५ मधील कालव्यावरचे टिपण तर फार मौजेचे आहे. संथ नाव, दाटीवाटीचे प्रवासी, कालव्यामुळे पाणी ओसरून मेलेली झाडे. शेवटी एक झाड पाहायला म्हणून लेखक रात्री काठावर उतरतो आणि नाव त्याला तिथेच टाकून निघून जाते! पुढे १८४३ मध्ये त्याने ‘द सेलेस्टियल रेलरोड’ लिहिले. बनियनच्या यात्रिकाला पाठीवर पापाचे ओझे वाहावे लागे; इथे ते सामानाच्या डब्यात टाकता येते. (बनियनचे ते पुस्तक ‘यात्रिकक्रमण’ म्हणून हरि केशवजींनी दोनच वर्षे आधी, १८४१ मध्ये, मराठीत आणले होते.) मेल्व्हिलच्या १८५५ मधील कथेत कागदाच्या गिरणीतल्या मुली कागदाइतक्याच पांढऱ्याफटक दिसतात. चित्र भयंकर आहे, आणि त्याची ताकद नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांतल्या एकीलाही नाव नाही. निवेदक पाकिटे खरेदी करायला आलेला आहे. तो शहारतो, आणि घोडागाडीत बसून घरी जातो.

लिओ मार्क्स यांनी ‘द मशीन इन द गार्डन’ (१९६४) या ग्रंथात याच लेखकांच्या आधारे एक सूत्र मांडले : शांत उपवन, आणि त्याचा भंग करणारे यंत्र. सूत्र विलक्षण मोहक आहे, आणि पुढची टीका बरीचशी त्याच्याच आधाराने चालली. माझी अडचण वेगळी आहे. यंत्राने भंग होतो तो उपवनात बसलेल्याचा. जो मागाजवळच उभा आहे त्याचा काय भंग व्हायचा?

थोरो तळ्याकाठी राहायला गेला ती तारीख सर्वांना पाठ आहे : ४ जुलै १८४५. त्याच दिवशी, तिथून काही कोसांवर वोबर्न गावी कामकऱ्यांच्या मेळाव्यात सारा बॅग्ली भाषण करीत होती. ती लॉवेलची गिरणी कामगार. दहा तासांच्या दिवसासाठी विधिमंडळाच्या समितीपुढे साक्ष देऊन आलेली. त्या दिवशीचा तिचा विषय मात्र चक्क वाङ्मयीन होता. गिरणीतल्या मुलींच्याच लेखनाचे ‘लॉवेल ऑफरिंग’ हे मासिक १८४० पासून निघत होते. डिकन्स १८४२ मध्ये लॉवेलला आला, त्याची चारशे पाने बरोबर घेऊन गेला आणि भारावून लिहिता झाला. बॅग्लीचे म्हणणे असे, की हे मासिक मालकांच्या मुठीत आहे. तक्रारीचे लेख ते परत करते. संपादिकांनी हे नाकारले. त्याच वर्षी मासिक बंद पडले.

बॅग्लीचा आरोप मला पुष्कळसा खरा वाटतो. मासिकात गोडगोड निसर्गवर्णने आणि बोधकथा रगड आहेत. तरीही १८४४ मधली ‘सुझन’ या नावाने आलेली पत्रे वाचावीत. गिरणीतून बाहेर पडल्यावरही कानात रातकिडे आणि बेडूक ओरडत राहतात, असे ती लिहिते. माग सुरू-बंद करून उजवा हात डाव्यापेक्षा मोठा होतो. उभे राहून पाय सुजतात. आता थोरो आठवा. त्याला इंजिनाची शिट्टी ससाण्याच्या चीत्कारासारखी वाटते. एकाला यंत्रात पाखरू ऐकू येते. दुसरीच्या कानात यंत्र बेडूक सोडून जाते. गद्याची सफाई थोरोचीच, यात वाद नाही. पण यंत्राने माणसाच्या देहात काय फेरफार केला, हे सुझनला ठाऊक आहे. अकराव्या वर्षी गिरणीत लागलेल्या लूसी लार्कमच्या आत्मकथनात (१८८९) असेच एक स्थळ आहे. आत पुस्तके आणायला बंदी, म्हणून ती वर्तमानपत्रांतल्या कवितांची कात्रणे खिडकीच्या चौकटीला डकवून ठेवी. असे तपशील काठावर उभे राहून सुचत नाहीत.

व्हिटमनबद्दल थोडक्यातच. ‘पॅसेज टू इंडिया’ (१८७१) या कवितेत सुएझ, अटलांटिक तार आणि १८६९ ची खंडपार रेल्वे यांचा जयघोष आहे. आवाका भव्य आहे. पण सिएरा नेवाडाचे डोंगर फोडणारे हजारो चिनी मजूर तिच्यात नाहीत.

सुझनच्या मागालाही अर्थात एक काठ आहेच. मागावरचे सूत दक्षिणेतल्या कापसाचे. याचा धागा आपल्या भागापर्यंत येतो : १८४० च्या दशकात कंपनी सरकारने अमेरिकन मळेवाले बोलावून शेजारच्या धारवाडात न्यू ऑर्लिन्सचे बी पेरून पाहिले, आणि ‘धारवाड-अमेरिकन’ कापूस आपल्या काळ्या रानात रुजला. इकडे त्याचे बियाणे तेवढे आले. तिकडे तो कापूस गुलाम वेचत. लॉवेलच्या गिरण्यांत त्याचे जाडेभरडे कापड विणले जाई आणि त्याच गुलामांना अंगात घालायला दक्षिणेत परत जाई. मळ्यांवर त्या कापडाला ‘लॉवेल’ असेच म्हणत.