जनुक पाहिले, पण कोणाचे?

गेल्या महिन्यात गिरगावातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला आम्ही गेलो होतो. नववीच्या मुलांनी 'जनुके आणि आरोग्य' या विषयावर तक्ता केला होता. चित्रे सुबक होती, माहितीही बरीच जमवली होती. तक्त्याच्या तळाशी लाल अक्षरांत निष्कर्ष लिहिला होता : 'जनुक तपासा, नेमके औषध घ्या, केमोथेरपी टाळा.' आम्ही पुढे निघालो तेव्हा तक्त्यापाशी उभा असलेला एक मुलगा मागून आला व हळूच म्हणाला, "सर, माझ्या आजोबांचे नाव टाटाला घातले आहे. फुप्फुसाचा कॅन्सर आहे. केमो घ्यावी की नाही यावरून घरात वाद चालू आहे. माझे रक्त तपासले तर त्यांना औषध लागू पडेल का, ते कळेल का?"

तक्त्यातील वाक्य आणि मुलाचा प्रश्न, दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. तो मुलांनी स्वतः तयार केलेला नाही. वाटाण्याची उंची, फुलाचा रंग यांवरून आपण वर्गात 'एक जनुक, एक गुण' असे शिकवतो आणि तेवढ्यावरच थांबतो. वर्तमानपत्रे त्यात 'जनुकावरून औषध' अशा मथळ्यांची भर घालतात. म्हणून या मथळ्याची थोडी परीक्षा करण्याचे आम्ही ठरवले.

दोन वेगळ्या प्रती

पहिली गोष्ट म्हणजे रुग्णाच्या बाबतीत जनुकांच्या दोन प्रती विचारात घ्याव्या लागतात. एक आईवडिलांकडून आलेली, शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत असणारी. दुसरी गाठीतील पेशींची. ही मूळ प्रतीवरूनच उतरलेली असते, पण आयुष्यभरात तिच्यात चुका साचलेल्या असतात. काही तंबाखूच्या धुराने, काही अन्य कारणांनी. ढोबळमानाने सांगायचे तर औषधाचे शरीर काय करील हे पहिल्या प्रतीवर अवलंबून असते, आणि औषधाला गाठ कशी तोंड देईल हे मुख्यतः दुसऱ्या प्रतीवर.

पहिल्या प्रकारचे उदाहरण म्हणजे इरिनोटेकन. फुप्फुसाच्या लहान पेशींच्या कर्करोगातही हे औषध वापरले गेले आहे. शरीरात तयार होणारे त्याचे प्रभावी रूप यकृतातील यूजीटी१ए१ नावाचे विकर निष्प्रभ करते. ज्यांना या विकराच्या जनुकाचा मंद प्रकार आईवडील दोघांकडून मिळाला आहे, त्यांच्या शरीरात औषध अधिक काळ टिकते व पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटण्याची शक्यता वाढते. ही सूचना अमेरिकेत २००५ साली औषधाच्या माहितीपत्रकात आली. अशा चाचणीतून मुख्यतः औषध किती सोसेल याचा अंदाज येतो. त्यावरून गाठ विरघळेलच असे म्हणता येत नाही.

तर्क बरोबर, निष्कर्ष कच्चा

दुसऱ्या प्रकारात एक बोधप्रद प्रकरण घडले. सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमयुक्त औषध डीएनएला चिकटून त्याचे धागे जखडते, त्यामुळे विभाजनाच्या तयारीतील पेशी मरते. परंतु पेशींकडे डीएनएची दुरुस्ती करणारी प्रथिनेही असतात. ईआरसीसी१ हे त्यांतले एक. ज्या गाठीत हा दुरुस्ती करणारा कमी, तिथे औषध अधिक चालेल, हा तर्क कोणालाही पटण्यासारखा होता. २००६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ७६१ गाठींच्या तपासणीचा अहवाल आला. ज्या ४२६ गाठींत हे प्रथिन आढळले नाही, त्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतरच्या केमोथेरपीचा फायदा दिसला. ज्या ३३५ गाठींत ते आढळले, त्यांच्यात दिसला नाही. आता चाचणी करावी आणि औषध ठरवावे, असेच सर्वांना वाटले.

२०१३ साली त्याच नियतकालिकात पडताळणी प्रसिद्ध झाली. मूळ अभ्यासातील काही संशोधकही तिच्यात होते. अन्य दोन चाचण्यांतील ४९४ नमुन्यांवर पूर्वीचा निष्कर्ष टिकला नाही. कारणे शोधता असे दिसले, की या प्रथिनाची चार रूपे आहेत आणि सिस्प्लॅटिनने केलेली इजा दुरुस्त करण्याचे काम त्यांतले एकच करते. उपलब्ध १६ प्रतिपिंडांपैकी एकालाही ते रूप वेगळे ओळखता येईना. शिवाय पूर्वी वापरलेला प्रतिपिंडही आता पहिल्यासारखे निकाल देत नव्हता. तर्क चुकला असे यातून सिद्ध होत नाही. तो तपासण्याची मोजपट्टीच भरवशाची नव्हती. आपल्याच निष्कर्षाची अशी जाहीर फेरतपासणी करणाऱ्या संशोधकांविषयी आम्हाला आदर वाटतो. खेद याचा, की पहिल्या शोधाची बातमी होते, पण पडताळणीची क्वचितच होते.

परळची चाचणी

मग जनुक पाहण्यात काहीच तथ्य नाही का? तसे मुळीच नाही. ईजीएफआर हे पेशीच्या पृष्ठभागावरील, वाढीचा संदेश घेणारे प्रथिन आहे. त्याच्या जनुकात विशिष्ट उत्परिवर्तन झाले की तो संदेश अखंड चालू राहतो. गेफिटिनिबची गोळी तो रोखते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, आशियातील १२१७ रुग्णांवरील आयपास चाचणीत या गोळीची केमोथेरपीशी तुलना होती. त्यांपैकी ४३७ जणांच्या गाठीचे जनुक तपासता आले. उत्परिवर्तन असलेल्यांत गोळीने ७१.२ टक्के रुग्णांची गाठ लक्षणीय आकसली, केमोने ४७.३ टक्के. उत्परिवर्तन नसलेल्यांत गोळीने केवळ १.१ टक्के, केमोने २३.५ टक्के. म्हणजे जनुक न पाहता केमो टाळणाऱ्याचे किती नुकसान होईल, हे उघड आहे. केमोचे दोन आकडे शेजारी ठेवले तर आणखी एक गोष्ट दिसते : उत्परिवर्तन असलेल्या गाठींनी केमोलाही अधिक वेळा दाद दिली.

आता गिरगावाहून काही मैलांवरच्या परळला येऊ. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात २०१६ ते २०१८ या काळात हे उत्परिवर्तन असलेले ३५० रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. एका गटाला फक्त गेफिटिनिब, दुसऱ्याला गेफिटिनिबसोबत पेमेट्रेक्सेड व कार्बोप्लॅटिन ही केमोथेरपी. डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष व सहकाऱ्यांचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. आजार पुन्हा वाढू लागेपर्यंतच्या काळाचा मध्यक गोळीच्या गटात ८ महिने, तर जोड उपचाराच्या गटात १६ महिने होता. एकूण आयुष्यही दुसऱ्या गटात अधिक निघाले. किंमतही मोजावी लागली : तीव्र दुष्परिणाम २५ टक्क्यांऐवजी ५१ टक्के रुग्णांत झाले.

या चाचणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ती एकाच रुग्णालयात झाली. कोणाला काय दिले जाते हे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही ठाऊक होते. तुलना गेफिटिनिबशी होती. नंतर आलेल्या ओसिमर्टिनिबशी नव्हती. मात्र २०२३ साली ओसिमर्टिनिबला केमोची जोड देणाऱ्या आंतरराष्ट्रीय चाचणीनेही तीच दिशा दाखवली : १६.७ ऐवजी २५.५ महिने. तक्त्यातील लाल वाक्य इथे पुरते कोलमडते. योग्य जनुक सापडल्यावरही केमोथेरपी निरुपयोगी ठरली नाही. उलट काही रुग्णांना तिची जोड लाभदायक ठरली.

वर्गात काय करावे

आमची शिक्षकांना विनंती आहे, की जनुकाची बातमी वर्गात वाचली की तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत. जनुक कोणाचे, शरीराचे की गाठीचे? तुलना कशाशी केली? दुसऱ्या रुग्णांवर पडताळणी झाली का? दहावीच्या विद्यार्थ्याला मध्यक येतो, टक्केवारी येते. आयपासचे चार आकडे देऊन त्याला स्वतः निष्कर्ष काढू द्यावा. आनुवंशिकतेचा धडा त्यामुळे वाटाण्यापुढे जाईल.

त्या मुलाला आम्ही एवढेच सांगितले : "तुझ्यात आजोबांची साधारण पाव हिस्सा जनुके आहेत, पण त्यांच्या गाठीत झालेले बदल तुझ्यात आलेले नाहीत. म्हणून तुझ्या रक्ताचा उपयोग नाही. तपासायचा तो त्यांच्या गाठीचा तुकडा, किंवा कधी त्यांच्याच रक्तात उतरलेला गाठीचा डीएनए. ती तपासणी झाली का आणि तिच्यात काय निघाले, हे बाबांना डॉक्टरांना विचारायला सांग. तोवर तक्त्यातल्या वाक्यावरून केमो नाकारू नका." मुलाने वहीत लिहून घेतले. तक्त्याखालचे ते लाल वाक्य प्रदर्शन संपेपर्यंत तसेच होते. ते बदलणे हे आता त्याच्या शिक्षकांचे, म्हणजे आपले, काम आहे.