प्रश्न न विचारणारा यक्ष

खानापूर तालुक्यातील हलशीच्या भूवराह-नरसिंह देवालयात प्रथमच जाणाऱ्या मनुष्यास एक गोष्ट चटकन जाणवते. तेथे गाभारे दोन आहेत आणि ते परस्परांसमोर आहेत. गोव्याच्या कदंबांच्या काळी, बाराव्या शतकात उभ्या राहिलेल्या या मंदिरात एका बाजूस नरसिंह-नारायणाचे स्थान आहे, तर दुसऱ्या बाजूस पृथ्वीला रसातळातून वर काढणारा वराह. भाविक या दोहोंच्या मध्ये उभा राहतो. ज्यास वराहाची कथा ठाऊक नाही त्यास तेथे केवळ दगडाची उत्तम कारागिरी दिसते. ज्यास ती ठाऊक आहे तो एका देवाकडे तोंड करताना दुसऱ्याकडे पाठ होते आहे या जाणिवेने किंचित संकोचतो. कथेच्या ज्ञानाने त्याच्या उभे राहण्याचीच रीत पालटते. आमच्या मते स्थलपुराणाचे प्रयोजन हेच होय. ते मनोरंजन करते, इतिहासाची थोडीबहुत जतन करते, हे सर्व खरे. परंतु त्याचे मुख्य कार्य म्हणजे त्या स्थळी मनुष्याने कसे वागावे हे त्यास न सांगता सांगणे.

हे सर्व आज आठवण्याचे कारण वाचकांस कदाचित विचित्र वाटेल. आमच्या घराघरांतील मुले ज्या नवीन जगांत दिवसाचा बराचसा वेळ घालवितात, त्या जगांनाही आता स्थलपुराणे आहेत. मोबाईलवर वा संगणकावर खेळल्या जाणाऱ्या विज्ञानकथात्मक व्हिडिओ गेमच्या मागे एक पूर्वकथा असते: हे जग कोणी वसविले, कोणत्या जाती येथे नांदल्या, कोणते युद्ध होऊन गेले, कोणते रहस्य जमिनीखाली पुरलेले आहे. पुष्कळ वडीलधारी माणसे या साऱ्यास ‘गोळीबाराचा खेळ’ एवढे म्हणून वाटेला लावतात. आम्हांस ते योग्य वाटत नाही. ज्या समाजाने शेकडो वर्षे माहात्म्ये ऐकली, त्याला एखादे माहात्म्य बरे की वाईट हे ओळखण्याचा अधिकार आहे, आणि काही अंशी ती त्याची जबाबदारीही आहे.

विचारासाठी आम्ही जवळचेच उदाहरण घेतो. पुण्याच्या सुपरगेमिंग या संस्थेने ‘इंडस बॅटल रॉयल’ हा खेळ १६ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रसिद्ध केला. त्याच्या नावातच सिंधू आहे. भारतीय वास्तुकला, वेशभूषा आणि पुराणप्रतिमा यांची भविष्यकाळाशी सांगड घालावयाची, असा त्याच्या कर्त्यांचा जाहीर संकल्प होता. खेळाची भूमी म्हणजे विरलोक नावाचे एक दूरस्थ जग. तेथे कॉस्मियम नावाचे एक खनिज सापडते आणि त्याच्या ठायी काळ व वास्तव यांनाच वाकविण्याची शक्ती आहे अशी कल्पना आहे. हे खनिज हस्तगत करण्यासाठी ‘मिथवॉकर’ नावाचे भाडोत्री वीर तेथे उतरतात. खेळणारा त्यांपैकी एक. या जगाच्या पूर्वकथेत यक्ष हे नाव येते, आणि आमचे कुतूहल जागे झाले ते या एका नावाने.

प्रथम श्रेय द्यावयाचे ते देऊ. बॅटल रॉयल या प्रकारचे जे खेळ आमची मुले आजवर खेळत आली, ते बहुतेक परदेशांतून आले. मैदानात अनेकजण उतरावयाचे, मैदानाचा घेर आकसत जावयाचा आणि शेवटी जो जिवंत उरेल तो जिंकावयाचा, हा त्यांचा ठरलेला साचा. पुण्यातील मंडळींनी तोच साचा घेतला, परंतु त्याला आपले रूप द्यावे असे त्यांस वाटले, ही गोष्ट लहान नाही. त्यांनी साच्यात एक नवी युक्तीही घातली. सामन्याच्या अखेरच्या टप्प्यात कॉस्मियम प्रकट होते, आणि सर्व प्रतिस्पर्धी संपण्यापूर्वीच जो ते ताब्यात घेईल त्यास विजय मिळतो. खेळ म्हणून ही युक्ती चांगली आहे. लपून बसणाऱ्यास ती बाहेर काढते. रंग, कमानी, शिल्पे यांतही डोळ्यांस आनंद देणारे पुष्कळ आहे.

परंतु यक्ष हे नाव घेतले की एक ऋण अंगावर येते. आपल्या परंपरेत यक्ष म्हणजे केवळ एक चमत्कारिक योनी नव्हे. तो कुबेराचा सेवक आहे, निधीचा रक्षक आहे. कर्तव्यात चुकला तर त्यालाही दंड होतो, आणि कालिदासाच्या मेघदूतातील यक्ष तर अशाच एका प्रमादामुळे वर्षभर घरापासून दूर पडलेला आहे. महाभारताच्या वनपर्वातील यक्ष आमच्या प्रत्येक वाचकास ठाऊक आहे. तहानेने व्याकूळ झालेले पांडव एका सरोवरापाशी येतात. अदृश्य वाणी बजावते की, हे पाणी माझे आहे, आधी माझ्या प्रश्नांची उत्तरे द्या आणि मग प्या. नकुल, सहदेव, अर्जुन व भीम त्या वाणीस जुमानीत नाहीत आणि तेथेच निश्चेष्ट पडतात. युधिष्ठिर थांबतो, उत्तरे देतो. एका भावास जिवंत करीन असे यक्षाने म्हटल्यावर तो भीमास मागत नाही, अर्जुनासही मागत नाही. आपण कुंतीपुत्र जिवंत आहोत, तर माद्रीचाही एक पुत्र जगावा, म्हणून तो नकुलास मागतो. त्या एका निवडीत त्याची सारी परीक्षा आहे, आणि तो यक्ष म्हणजे साक्षात धर्म होता हे त्यानंतरच कळते.

आमच्या भागात हीच कल्पना अधिक साध्या वेषात नांदते. गोव्यात, कोकणात आणि घाटावरील आमच्या रानातल्या गावांत ‘राखणदार’ हा शब्द मराठी व कोंकणी दोन्ही भाषा बोलणाऱ्यांना सारखाच कळतो. देवराईतले झाड विचारल्यावाचून तोडावयाचे नाही, पाणवठा विटाळावयाचा नाही, शिवेवरून जाताना राखणदाराची आठवण ठेवावयाची. राखणदार दिसत नाही; परंतु तो आहे म्हणून हात आवरला जातो. त्याची गोष्ट कोणी सविस्तर सांगत नाही. ती वागण्यात मुरलेली असते.

मराठी विज्ञानकथेनेही हे नाव उचलले होते. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले आणि २०२५ साली दिवंगत झालेले जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली. आपल्या नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये म्हणून तीवर त्यांनी नारायण विनायक जगताप असे टोपणनाव घातले होते. म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरे उलटी केली होती. पुढे १९७९ साली त्यांच्या कथांचे पुस्तक आले, त्याचे नाव ‘यक्षांची देणगी’. अंतराळाचे शास्त्र शिकविणाऱ्या मनुष्यास आपल्या पुस्तकाच्या माथ्यावर यक्ष हा शब्द घालावासा वाटला, ही गोष्ट सूचक आहे. आपल्याहून समर्थ अशा परक्या बुद्धीस आमच्या भाषेत आधीच एक नाव होते.

आता पूर्वकथा आणि खेळ यांचा सांधा नीट जुळला म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी क्षणभर दूर जावे लागेल. कॅनडाच्या बायोवेअर या संस्थेचा ‘मास इफेक्ट’ हा खेळ २००७ साली निघाला. तो प्रौढांसाठी आहे, मुलांसाठी नाही. त्याच्या विश्वात अनेक ग्रहांवरील जाती नांदतात. प्रचंड यंत्रद्वारांतून त्या एका तारामंडळातून दुसऱ्यात क्षणार्धात जातात. ही द्वारे लोप पावलेल्या प्रोथियन नावाच्या जातीने बांधली, असा सर्वांचा समज आहे. खेळणारा स्वतः त्या द्वारांतून असंख्य वेळा जातो आणि त्याला त्यात काहीच वावगे वाटत नाही. मग हळूहळू उलगडते की द्वारे बांधणारे निराळेच आहेत. रीपर नावाची ती यंत्रयोनी दर पन्नास हजार वर्षांनी परत येते आणि त्या द्वारांच्या आश्रयाने वाढलेल्या संस्कृतींचे पीक कापून नेते. म्हणजे सरोवराचे पाणी सर्वांनी न विचारता प्यालेले होते. ही पूर्वकथा कळल्यावर खेळणाऱ्याने आधी केलेल्या प्रत्येक प्रवासाचा अर्थ बदलतो. याच खेळात विरमायर नावाच्या ग्रहावर एक प्रसंग येतो. दोन सहकाऱ्यांपैकी एकासच वाचविता येते, आणि निवड खेळणाऱ्याने करावयाची असते. त्याच्या कर्त्यांना यक्षप्रश्न ठाऊक होता असे आमचे म्हणणे नाही. परंतु सरोवर, गुप्त मोल आणि एकाची निवड ही तीनही अंगे त्यांना सापडली, आणि यक्ष हा शब्द मात्र त्यांच्यापाशी नव्हता.

पुण्याच्या खेळापाशी तो शब्द आहे. पण त्याच्या विरलोकात खेळणारा उतरतो तो घेण्यासाठी. ते जग कोणाचे होते, हे खनिज कोणी राखून ठेवले होते, ते उचलल्याने काय बिघडेल, यांपैकी एकही प्रश्न त्याच्या वाटेत आडवा येत नाही. त्यास यक्षांची माहिती असो वा नसो, तो एकाच रीतीने धावतो, एकाच रीतीने शस्त्र चालवितो आणि एकाच रीतीने जिंकतो. हलशीच्या देवालयात कथा ठाऊक असलेला भाविक निराळा उभा राहतो. येथे कथा ठाऊक असलेला खेळाडू तसूभरही निराळा वागत नाही. म्हणून ही पूर्वकथा अंगावरच्या दागिन्यासारखी राहते. दागिना घडणावळीचा आहे, हे आम्ही वर मान्य केलेच आहे.

यावर कोणी म्हणेल की, काही मिनिटांच्या धावपळीच्या सामन्यात यक्षप्रश्न कसले घालता? हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. परंतु कर्त्यांनीच त्याचे उत्तर अर्धे देऊन ठेवले आहे. अखेरच्या टप्प्यात प्रकट होणारे ते कॉस्मियम म्हणजे दुसरे काय? सरोवरच ते. तेथे वाणी असती, काही मोल असते, घेणाऱ्यास काही सोडावे लागले असते, न घेणाऱ्याचाही एखादा मान राहिला असता, तर यक्ष हे नाव सार्थ झाले असते. जागा तयार होती; तेथे राखणदार तेवढा नेमला गेला नाही.

पुण्यातच याआधी याहून चांगले घडले आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ २०२० साली आला. तो विज्ञानकथा नव्हे. असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावाचा शोध घेणाऱ्या एका सर्कशीतल्या मुलीची ती कथा आहे. दुर्गा आणि विष्णू तिचा प्रवास पाहत बोलत राहतात. वाटेवरच्या भित्तिचित्रांपाशी ती थांबली की देवांच्या कथा सांगितल्या जातात, आणि ज्या देवतेची कथा ऐकली तिचेच बळ पुढे तिच्या शस्त्रात उतरते. त्यात उणिवा नाहीत असे नाही, परंतु तेथे थांबून ऐकण्यास काही अर्थ आहे. प्रदक्षिणेच्या मार्गावरील शिल्पपट पाहत जाणाऱ्या आमच्या आजीस तो खेळ समजला असता.

येथवर दोष दुसऱ्याचा काढला. आता थोडे आपल्याकडेही पाहू. बहुतेक खेळांत पूर्वकथा सांगू लागली की ती वगळण्याचे एक बटण असते आणि मुले ते तत्काळ दाबतात, अशी आपली तक्रार असते. परंतु आपण तरी काय करतो? उत्सवात माहात्म्याची पोथी वाचली जाते तेव्हा मंडपातील किती मंडळींचे लक्ष महाप्रसादाच्या पंगतीकडे असते? आमच्या तालुक्यातील कणकुंबीस मलप्रभा उगम पावते. त्याच परिसरातील कळसा नाल्याच्या पाण्यावरून म्हादईचा तंटा उभा राहिला. २०१८ साली लवादाने निवाडा दिला, तरी दोन्ही राज्यांत कटुता उरली आहे. न्याय कोणाच्या बाजूने आहे हा या लेखाचा विषय नव्हे. परंतु पाण्याच्या काठी उभे राहून प्रथम प्रश्न ऐकावा, मग ओंजळ भरावी, ही शिकवण ज्या लोकांपाशी आहे, त्यांनी घाटाच्या अलीकडे आणि पलीकडे ती किती वेळा आठवली? यक्षास मुका करण्याचे पाप केवळ पुण्याच्या खेळकर्त्यांच्या माथी मारता येणार नाही.

म्हणून मुलांच्या हातून मोबाईल हिसकावून घ्या असे आम्ही सांगत नाही. त्यांच्याशेजारी बसावे, आणि विरलोकात उतरणाऱ्या आपल्या नातवास सहज विचारावे: बाळ, हे खनिज कोणाचे रे? कदाचित तो म्हणेल, “आजोबा, असं कुणी विचारत नाही त्यात.” तेव्हा त्यास सरोवराची आणि नकुलाची गोष्ट सांगावी. ती सांगण्यास सामन्याइतकाही वेळ लागत नाही. यक्षाचे नाव त्याच्या कानी पडलेच आहे. त्याचा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचविणे एवढेच काम आपल्यासाठी उरले आहे.