हॉपकिन्सचा दाखला आणि जाहिरातीतील व्यंग्यार्थ

जाहिरातविद्येच्या विद्यार्थ्यापुढे जे ग्रंथ आधारभूत म्हणून ठेवले जातात, त्यांत क्लॉड हॉपकिन्स (1866–1932) याच्या ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ (1923) आणि ‘माय लाइफ इन ॲडव्हर्टायझिंग’ (1927) या पुस्तकांचे स्थान अद्याप ढळलेले नाही. मोघम विशेषणांपेक्षा निश्चित तपशील वाचकाला पटतो, हा त्याचा सिद्धांत. आणि त्याच्या पुष्ट्यर्थ श्लिट्झ बिअरचा दाखला दिला जातो. मात्र तो जितक्या उत्साहाने सांगितला जातो, तितक्या कसोशीने तपासला जात नाही.

मिलवॉकी येथील हा कारखाना हॉपकिन्सने हिंडून पाहिला. काचेची दालने, गाळलेल्या हवेत थंड होणारी बिअर, यंत्राने चार वेळा धुतल्या जाणाऱ्या बाटल्या, 4000 फूट खोल विहिरींचे पाणी, हे पाहून तो थक्क झाला. लोकांना हे का सांगत नाही, असे विचारता उत्तर मिळाले की, सगळेच कारखानदार असे करतात. हॉपकिन्सने तरीही तेच सांगितले. आणि पाचव्या क्रमांकावरची श्लिट्झ काही महिन्यांत पहिल्याच्या बरोबरीस आली, असे तो लिहितो. (या यशाची साक्ष तो स्वतःच देतो. आत्मचरित्राला प्रयोगवहीचा मान देण्याची खोड या विद्येत जुनी आहे.)

यात असत्य काय? शब्दशः काहीच नाही. उलट ग्राहकाला ठाऊक नसलेली माहिती त्याने दिली, हे मान्य केले पाहिजे. आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर वाच्यार्थ निर्दोष आहे, दोष व्यंग्यार्थात आहे. व्यंग्यार्थ कशाकशामुळे उमटतो हे सांगताना मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या तिसऱ्या उल्लासात वक्ता, श्रोता, प्रसंग, देश, काळ इत्यादींची गणना केली आहे. जाहिरातीत वक्ता हा विक्रेता आणि प्रसंग स्पर्धेचा; तेवढ्यानेच साधे विधान तुलनेचे होते. ‘बाटल्या चार वेळा धुतल्या जातात’ हे वाचणारा ‘इतर धूत नाहीत’ असे आपणहून समजतो. हॉपकिन्सला हे पुरते उमगले होते. सर्वांना समान असलेली गोष्ट जो प्रथम सांगतो त्याच्याच नावे ती जमा होते, हे तर त्याच्या युक्तीचे मर्म.

आता याच विद्यार्थ्याच्या हाती दुसऱ्या एखाद्या प्रश्नपत्रिकेसाठी 1985 साली स्थापन झालेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेची, म्हणजे ‘आस्की’ची, संहिता येते. तिचे पहिलेच प्रकरण सांगते की, सूचित अर्थाने किंवा काही वगळूनही ग्राहकाची दिशाभूल होता कामा नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर, कायद्याने ग्राहकाला मिळालेले हक्क ही आपलीच खासियत म्हणून मिरवू नये, असे स्पष्ट कलम आहे. श्लिट्झचा दाखला त्या कलमात नेमका बसत नाही. बाटल्या धुणे हा ग्राहकाचा हक्क नव्हे, व्यवसायाची रीत होती. म्हणजे निर्णय पुन्हा ‘सूचित अर्थ’ या शब्दांवर येऊन ठेपतो, आणि सूचित अर्थ कसा शोधावा हे संहिता शिकवीत नाही. तंत्र एका प्रश्नपत्रिकेत आणि नीती दुसरीत, अशी विभागणी जेथे आहे तेथे विद्यार्थी दोन्हींत उत्तम गुण मिळवून या विरोधापासून अनभिज्ञ राहू शकतो.

मराठीत मजकूर लिहिणाऱ्याला हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. ‘आमच्याच कारखान्यात बाटली यंत्राने धुतली जाते’ हे असत्य. ‘आमच्या कारखान्यात बाटली यंत्रानेच धुतली जाते’ हे सत्य. एका ‘च’च्या स्थानाने अर्थ पालटतो. परंतु घाईने वाचणाऱ्याच्या मनात दुसऱ्या वाक्यातला ‘च’ हलकेच सरकून पहिल्याच्या जागी बसतो. आणि ‘च’ अजिबात न लिहिताही कसलेला लेखक तो वाचकाकडून उच्चारून घेतो. इंग्रजी पाठ्यपुस्तकात या अव्ययाची चर्चा सापडणे शक्य नाही. मराठी विभागांनी मात्र व्यंजनाविचार काव्याच्या तासापुरताच राखून ठेवला आहे.