शॉकिंग ब्लू : ‘व्हीनस’ बाजूला ठेवून

आता शॉकिंग ब्लूकडे येऊ. नेदरलँड्समधल्या हेग शहराचा हा बँड. १९७० च्या फेब्रुवारीत त्यांचं ‘व्हीनस’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि माझ्या मते तिथंच घात झाला. पुढं लोकांनी त्यांच्याकडं दुसरं काही मागितलंच नाही. चाल तर ‘द बँजो साँग’ या अमेरिकन गाण्यावर बेतलेली. ते तरलं मारिस्का व्हेरेसच्या भरदार आवाजावर. गिटारवादक रॉबी व्हॅन ल्यूवेनची खरी समज कळायची तर १९६९ चं ‘लव्ह बझ’ ऐका. खाली बासची एकच वळणदार ओळ, पुन्हा पुन्हा, आणि वर सतार. त्या काळी सतार बरेच जण मिरवायला घ्यायचे, हो की नाही? इथं ती गाण्याला खेचत नेते. १९८८ मध्ये निर्वाणानं पहिल्या सिंगलसाठी हेच गाणं निवडलं. सतार गेली, बास राहिला. तोवर मूळ बँड मोडून चौदा वर्षं झाली होती.